ॲम्प्लिफायर मधेच बंद पडतो? दुरुस्तीला नेण्याआधी वायरी तपासा

ॲम्प्लिफायर किंवा होम थिएटरचा रिसीव्हर आपोआप बंद पडू लागला की लोक तो उचलून दुरुस्तीला नेतात आणि तेथे टेबलावर तो दिवसभर बिनतक्रार वाजतो, कारण दोष बहुधा घरीच राहिलेल्या, स्पीकरकडे जाणाऱ्या वायरींत असतो. म्हणून आधी दोन दिवस तो केव्हा, किती वेळाने आणि आवाज किती असताना बंद पडतो, याची नोंद ठेवावी.

शांतता असताना दर वेळी साधारण पंधरा-वीस मिनिटांनी बंद होत असेल, तर तो बिघाड नसून ऑटो स्टँडबाय, म्हणजे आवाज नसला की वीज वाचवण्यासाठी आपोआप बंद होण्याची सोय, आहे. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करावे. तासाभराने, हात लावता येणार नाही इतका तापून बंद होत असेल, तर त्याला बंदिस्त कप्प्यातून बाहेर काढावे आणि वरची जाळी मोकळी ठेवावी. समोरचा दिवाही क्षणात विझत असेल, तर प्लग आणि स्पाइक गार्ड बदलून पाहावे.

मात्र आवाज वाढवताच किंवा सुरू केल्यावर दोन-चार सेकंदांत बंद होत असेल, तर प्रोटेक्शन सर्किट, म्हणजे धोका दिसताच यंत्र बंद करणारी आतली यंत्रणा, आपले काम करीत आहे असे समजावे, आणि ‘पुन्हा चालू करून पाहा’ हा सल्ला अजिबात ऐकू नये. शॉर्ट (वायरीतल्या दोन तारा एकमेकींना टेकणे) तसाच ठेवून पुनःपुन्हा चालू केल्याने स्पीकरला वीज पुरवणारे आउटपुट ट्रान्झिस्टर जळतात आणि शंभर रुपयांच्या वायरीपायी हजारोंचा खर्च अंगावर येतो.

ऐरोलीतील आमच्या घरी नवे टीव्ही युनिट बसवल्यानंतर रिसीव्हर आठवड्यातून दोन-तीनदा, तोही ढोल घुमला की, बंद पडत असे. तीन महिने मी पंखा लावला, रिसेट केले, स्पाइक गार्ड बदलला. मल्टीमीटरनेही (वीज आणि रोध मोजण्याच्या उपकरणाने) वायर निर्दोष ठरवली. अखेर वायर ओढून काढली, तेव्हा सुताराच्या स्क्रूचे टोक एका तारेत रुतलेले आणि दुसरीला जेमतेम टेकलेले दिसले. तेथील तांबे पावसाळी दमटपणाने हिरवे पडले होते. फळी थरथरली की दोन्ही तारा जोडल्या जात, एवढेच ते गूढ होते.

तेव्हापासून मी वायर स्थिर ठेवून तपासत नाही. प्लग काढून सगळ्या वायरी दोन्ही टोकांनी सोडवाव्यात, मल्टीमीटर बीपवर (तारा एकमेकींना जोडल्या गेल्या की तो वाजतो) ठेवून एका वायरीतल्या दोन तारांना लावावा आणि दुसऱ्या माणसाला वायर हातभर-हातभर हलवत पुढे जायला सांगावे. एकदा जरी बीप झाला, तरी ती वायर बदलावी. चिकटपट्टी गुंडाळून तिचे समाधान करू नये. मग स्पीकरचा रोध (ओहममध्ये) मल्टीमीटरने मोजावा: ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो. एकाच जोडणीवर असे दोन स्पीकर समांतर लावले असतील तर भार ४ ओहमवर येतो, आणि मागच्या पट्टीवर किमान ६ लिहिलेल्या यंत्राला तो मोठ्या आवाजात झेपत नाही.

पुन्हा जोडताना वेष्टन सेंटीमीटरभरच सोलावे, तारा घट्ट पिळाव्यात आणि लाल-काळ्या टर्मिनलांमध्ये केसाएवढा धागाही बाहेर राहिलेला नाही, हे बॅटरीच्या उजेडात पाहावे. टोकांना कथील लावू नये. स्क्रूखाली ते हळूहळू दबते आणि पकड सैल होते. तारांच्या टोकाला बसवून टर्मिनलमध्ये खोचायचे बनाना प्लग सर्वांत बरे.

आता स्पीकर न जोडता यंत्र अर्धा तास चालू ठेवावे. टिकले, तर आवाज कमी ठेवून एकेक स्पीकर जोडत जावे, मात्र प्रत्येक वेळी आधी प्लग काढूनच. स्पीकर नसतानाही बंद पडले, तर दोष आतला आहे. झाकण स्वतः उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहतो. दुरुस्तीला नेताना सुरुवातीची ती वेळांची नोंद कारागिराच्या हाती द्यावी.