पहिली साइट व्हिजिट जुलैत करा

ज्येष्ठांसाठी मोकळी जागा आखायला घेतलीय? मग कोकणातली पहिली साइट व्हिजिट जुलैत करा. मी जानेवारीत गेलो आणि फसलो.

मालवणजवळच्या गावात देवळापासून खाडीकडे उतरणारी वाट आणि खाली बसायची जागा, हे माझं पहिलं स्वतंत्र काम. १:१२ चा उतार (बारा फूट चालल्यावर एक फूट खाली), दोन्ही बाजूंना कठडा, बाकांची उंची ४५ सेंटीमीटर. केंद्राच्या २०२१ च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांची पानं पाठ होती. फरशी जांभ्याची, म्हणजे चिऱ्याची. 'स्थानिक दगड' म्हणून स्वतःवरच खूश! गवंडीकाका म्हणाले होते, "पावसात चिऱ्यार पाय रवाचो नाय." मी हसलो. पुण्यातल्या सरांनी ड्रॉइंगवर 'सुंदर' लिहिलं होतं ना. सरांनी कोकणातला पाऊस फक्त खिडकीतून पाहिलेला, हे नंतर सुचलं.

जांभा सच्छिद्र. पाणी पितो आणि सोडत नाही. त्यात वर वड. नकाशात हौसेनं रंगवलेली त्याची सावली पावसाळ्यात ऊन पोचू देत नाही, आणि पंधरा दिवसांत शेवाळ धरतं. कोरड्यात १:१२ आरामाचा, शेवाळावर घसरगुंडी. कठडा होता की, असं म्हणाल. पण एका हातात छत्री, दुसऱ्यात पिशवी, मग कठडा धरणार कोण? ऑगस्टमध्ये एक आजी पडल्या. मनगटावर निभावलं. खुबा मोडता तर त्यांचं घराबाहेर पडणंच थांबलं असतं.

ब्लीचिंग पावडर हा उपाय नव्हे, दर पंधरवड्याची उधारी आहे. शेवटी वाट झाडाखालून बाहेर काढली, खरबरीत फ्लेम फिनिश ग्रॅनाइट घातला, पाणी निथळायला १:५० चा आडवा उतार दिला. जांभा भिंतींना ठेवला, तिथे तो शोभतो. कठड्याला स्टेनलेस स्टील ३१६ या प्रतीचंच घ्या; नेहमीच्या ३०४ वर खारी हवा लवकर डाग पाडते.

म्हातारपण 'अनुभवायला' जड सूट घालायच्या कार्यशाळा असतात. पैसे वाचवा, गुडघे दुखणाऱ्या आत्येबरोबर भर पावसात बाजार करून या. एवढं केलंत तर निम्मं काम जमलं, घाबरू नका. माझ्यासारख्या हट्टी माणसालाही जमलं.

म्हणजे, जमतंय. परवा त्याच आजी खाली भेटल्या. बाक रिकामा, आणि त्या कठड्याला टेकून उभ्या. का, विचारलं तर म्हणाल्या, "बाकड्यार पाठ खंय टेकू?"

बाकांना पाठ लावायचं काम पुढच्या आठवड्यात सुरू होतंय.