पादचारी अपघात: कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनो, या चुका टाळा

रस्ता ओलांडताना धडक बसलेला माणूस येतो, टाके पडतात, सीटी होतो आणि केस पेपरवर उरतं एवढंच: 'आरटीए', म्हणजे रस्ता अपघात. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 2022 साली देशात 32,825 पादचारी रस्त्यावर दगावले. जखमी पायी होता की दुचाकीवर मागे बसला होता, हेसुद्धा 'आरटीए'वरून कळत नाही. रुग्ण स्थिरावला की लिहून घ्या: पायी होता का, कशाची धडक बसली, किती वाजता आणि नेमकं कुठे. 'हायवेवर' हे उत्तर पुरेसं नाही. कुठल्या बसथांब्यासमोर, शाळेच्या कुठल्या फाटकापाशी, दुभाजक कुठे तुटलाय तिथे का, हे खोदून विचारा. रुग्ण बोलत नसेल तर 108 च्या डॉक्टरांना विचारा.

'अचानक मध्ये आला' हे ऐकीव वाक्य एमएलसीत (पोलिसांसाठीच्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदीत) आपलं मत म्हणून जाऊ देऊ नका. कोणी सांगितलं तेही लिहा. पादचारी मध्ये आला खरा, पण तिथे फूटपाथ होता का? गाडी किती वेगात होती? ताशी 50 वरून 65 किलोमीटरवर वेग गेला, की मोटारीच्या धडकेत पादचारी मरण्याचा धोका साडेचार पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

वयस्कर रुग्णाला घरी सोडताना, रस्ता ओलांडणं अवघड करणाऱ्या गोष्टींची, म्हणजे झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्या, मोतीबिंदू यांची चौकशी राहून जाते. दोन मिनिटांचं काम आहे, ते कराच.

आणि नोंदी रजिस्टरमध्येच ठेवणं, हीही चूकच. सरकारी निकषात एखादी जागा 'ब्लॅक स्पॉट', म्हणजे अपघातांची धोकादायक जागा, ठरायला सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमांचे पाच अपघात लागतात, नाहीतर दहा मृत्यू. मनगट मोडलेली, गुडघा फुटलेली माणसं पोलिसांच्या आकड्यांत बहुतेकदा येतच नाहीत. ती आपल्याकडे येतात. म्हणजे धोक्याची जागा आपल्याला आधी दिसते. एकाच चौकातून तिसरा रुग्ण आला, की दहाव्या मृत्यूची वाट कशाला बघायची? रुग्णांची नावं वगळून ठिकाण, वेळ, वाहन आणि जखम असा एक पानी तक्ता दर महिन्याला वरिष्ठांमार्फत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवा. अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. गतिरोधक, दिवे, झेब्रा क्रॉसिंग यांपैकी काय हवं तेही लिहा, आणि पुढच्या बैठकीत त्याचं काय झालं ते विचारा.