सिंथ-कीबोर्डसाठी बजेटमधला अँप घेताय? या चुका टाळा

गणपतीच्या दोन महिने आधी माझा फोन वाजायला लागतो. "दादा, कीबोर्डसाठी अँप बघतोय, हा कसा आहे?" सोबत फोटो. आणि तो फोटो बहुतेक वेळा गिटारच्या अँपचा, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायर-स्पीकरच्या डब्याचा असतो. मी नको म्हणतो, पण तोवर टोकन देऊन झालेलं असतं. मग दिवाळीच्या सुमारास त्याच मुलाचा पुन्हा फोन येतो, तोच अँप विकायचाय म्हणून.

मी पुण्यात राहतो. ऑर्केस्ट्रा, लावणीचे कार्यक्रम, लग्नातलं संगीत, जत्रा, सगळीकडे वाजवतो. एक कीबोर्ड, एक छोटा सिंथ (विजेवर आवाज घडवणारा सिंथेसायझर) आणि इफेक्टसाठी ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) एवढा संसार. वर्षानुवर्षं त्याच त्या चुका बघतोय, आणि त्यात घरच्यांनी पोटाला चिमटा काढून दिलेले पैसे जातात, म्हणून हे लिहितोय.

गिटारचा अँप सिंथला लावणं

सगळ्यात मोठी चूक ही. गिटारच्या अँपमधला १२ इंची स्पीकर मुद्दामच तसा बनवलेला असतो. साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर तो झपाट्याने उतरतो. त्यात ट्वीटर (वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर) नसतो, हॉर्न नसतो. डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारचा चरचराट वरच्या पट्टीत असतो, तो गाळला गेला की गिटार गोड लागते. म्हणजे हा अँप वाद्याचाच अर्धा भाग आहे, तो आवाजाला स्वतःचा रंग देतो. सिंथचं उलट असतं. सिंथमधून आवाज पूर्ण तयार होऊन बाहेर पडतो. फिल्टर, कोरस, रिव्हर्ब (घुमारा) असे आवाजावरचे सगळे संस्कार आतच झालेले असतात. त्याला फक्त जसा आहे तसा मोठा करणारा डबा हवा.

सासवडकडच्या एका जत्रेत लावणीचा कार्यक्रम होता. ऑक्टोपॅडवर एक नवा मुलगा, हुशार, हाताला ताल पक्का. स्वतःचा अँप घेऊन आला होता, जुन्या बाजारातून घेतलेला गिटारचा. पहिल्या लावणीची सुरुवातच एकट्या घुंगरांनी होती, चार मात्रा नुसते घुंगरू आणि मग ढोलकी. त्याने पॅडवर काठी मारली आणि पत्र्याच्या डब्यात ज्वारी हलवावी तसा आवाज आला. घुंगरांचा जो जीव आहे, ती छुनछुन, ती सगळी वरच्या फ्रिक्वेन्सीत असते आणि तो स्पीकर तिथपर्यंत पोचतच नव्हता. मुलाने ट्रेबलचा नॉब दहावर नेला. ट्रेबल वाढवून नसलेला ट्वीटर उगवत नाही. फक्त मधली पट्टी आणखी टोचायला लागली. नाचणारी बाई विंगेतून आमच्याकडे बघत होती, कारण तिला पाऊल टाकायची खूणच ऐकू येत नव्हती. शेवटी मी त्याची पिन काढून माझ्या डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी) साउंडवाल्याच्या मिक्सरला दिली, तेव्हा पुढचा कार्यक्रम नीट झाला.

दुसरा त्रास असा की कीबोर्डचा लाइन आउट (आवाज बाहेर काढायचा जॅक) गिटारच्या पिकअपपेक्षा (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकापेक्षा) खूप तगडा सिग्नल देतो. गिटारच्या इनपुटला तो लावला की अँपचा आवाज पहिल्याच टप्प्यावर फाटतो. मग मुलं कीबोर्डचा आवाज चार टक्क्यांवर आणतात, अँप पूर्ण उघडतात आणि "हिस्स येतोय" म्हणून फोन करतात.

कुणीतरी नेहमी म्हणतो की डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचा जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गन मार्शलच्या गिटार अँपमधून वाजवायचा. वाजवायचाच. त्याला तो फाटलेला ऑर्गनच हवा होता, त्याच्या संगीताचा तो पाया होता. तुम्हाला एकाच कार्यक्रमात संतूर, शहनाई, पियानो आणि घुंगरू वाजवायचे आहेत.

माझा सल्ला सरळ आहे. बजेट १५ ते २५ हजारांचं असेल तर १० इंची पॉवर्ड स्पीकर घ्या, म्हणजे आत अँप असलेला, ट्वीटर असलेला, मिक्सरशिवाय दोन इनपुट घेणारा आणि मागे एक्सएलआर आउट (मिक्सरला जोडायचा तीन पिनांचा जॅक) असलेला. तो आउट साउंडवाल्याला द्यायचा आणि स्पीकर आडवा टाकून स्वतःला ऐकायला मॉनिटर करायचा. कीबोर्डचे खास अँप वाईट नसतात. रोलँड केसी-८० हा ५० वॅट आणि १० इंची, केसी-२०० हा १०० वॅट आणि १२ इंची, दोन-तीन वाद्यं थेट लावता येतात, ही मोठी सोय. पण तेवढ्याच पैशांत पॉवर्ड स्पीकर जास्त मोकळा वाजतो, असा माझा अनुभव आहे.

हेडफोनच्या जॅकमधून स्टीरिओ पिन थेट अँपला

ही चूक माझ्याकडूनच झाली होती, म्हणून तपशिलात सांगतो. साताऱ्याकडे एका लग्नाच्या संगीताला मी दुसऱ्याचा कीबोर्ड घेऊन गेलो होतो. छोटा, घरगुती पद्धतीचा. त्याला वेगळा लाइन आउट नव्हता, फक्त हेडफोनचा जॅक. माझ्याकडे नवीकोरी केबल होती, दोन्ही टोकांना पी-३८ (पाव इंची जाड) स्टीरिओ पिन, दोन काळ्या रिंगांची. स्टीरिओ म्हणजे चांगलीच, या समजुतीने एक टोक हेडफोनमध्ये आणि दुसरं पॉवर्ड स्पीकरच्या इनपुटला लावलं.

पियानो वाजवला. आवाज आला, पण कसा? विहिरीच्या तळातून कुणी वाजवावं तसा. स्टाइल (कीबोर्डमधली आपोआप वाजणारी साथ) सुरू केली तर बेस गायब, किकही गायब, फक्त लांबून रिव्हर्बची शेपटी ऐकू येत होती. नवरा-नवरीची एंट्री दहा मिनिटांवर. मी स्पीकर बदलला, कीबोर्ड बंद-चालू केला, टोन बदलले. काही फरक नाही. स्पीकर गेला असं सगळ्यांनी ठरवूनही टाकलं. घाईत माझा पाय केबलला लागला, स्पीकरमधली पिन अर्धी बाहेर आली आणि आवाज भरून आला. पूर्ण आत दाबली की परत विहीर.

कारण साधं आहे, पण कुणी सांगत नाही. स्पीकरचं इनपुट बॅलन्स्ड असतं. ते पिनच्या टोकावरच्या सिग्नलमधून मधल्या रिंगवरचा सिग्नल वजा करतं, कारण केबलमध्ये शिरलेली खरखर दोन्हीकडे सारखी असते आणि वजा केली की जाते. पण हेडफोनच्या पिनवर टोक म्हणजे डावा कान आणि रिंग म्हणजे उजवा. बेस, किक, सोलो टोन दोन्ही कानांत सारखेच असतात. सारख्यातून सारखं वजा केलं की उरतं शून्य. रिव्हर्ब आणि कोरस दोन्हीकडे वेगळे असतात, म्हणून तेवढेच उरतात. पिन अर्धी बाहेर आली तेव्हा टोकाचा स्पर्श रिंगला आणि रिंगचा स्पर्श अर्थला (अर्थिंगच्या भागाला) झाला, म्हणून एक चॅनल सरळ वाजायला लागलं.

त्या रात्री मी पिन अर्धी ठेवून चिकटपट्टी लावली आणि तीन तास श्वास धरून वाजवलं.

आता माझ्या बॅगेत कायम एक केबल असते. एका टोकाला स्टीरिओ पी-३८ आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना. दोन्ही वेगळ्या चॅनलना लावायच्या. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) पिना आणि वायर आणतो आणि केबल स्वतः सोल्डर करतो. रेडिमेड स्वस्त केबल घेऊन मी दोनदा हात पोळले आहेत. हेडफोनच्या जॅकमध्ये नुसती मोनो पिनही घालू नका. तिने उजवा चॅनल थेट अर्थला जुळतो आणि आतल्या सर्किटवर ताण येतो. ज्या कीबोर्डला "एल/मोनो" असा जॅक आहे, तिथे एकच केबल वापरायची असेल तर त्याच जॅकमध्ये घाला आणि उजवा जॅक रिकामा ठेवा. उजव्यात काहीही घुसवलेलं असेल तर डाव्यातून अर्धाच आवाज येतो.

खोक्यावरचे वॅट बघून अँप निवडणं

यामाहाच्या डीबीआर१० या १० इंची स्पीकरवर ७०० वॅट लिहिलेलं असतं. ते क्षणिक. सतत पेलायचे वॅट ३२५. कंपनी हे स्वतः सांगते, म्हणून मला ती पद्धत पटते. पीएमपीओ (क्षणभराचा फुगवलेला आकडा) छापलेल्या डब्यांचं तसं नसतं, तिथे हजारांच्या आकड्याला काही अर्थ नाही. आरएमएस किंवा सतत पेलणारे वॅट विचारा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर तो डबा घेऊ नका.

आणि वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट नव्हे. ५० वरून १०० वॅटवर गेलात तर फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा, एका वॅटला एका मीटरवर किती डेसिबल. ९६ डेसिबलचा स्पीकर ५० वॅटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ९० डेसिबलच्या स्पीकरला २०० वॅट लागतात.

बेसच्या बाबतीत मुलांना फार घाई असते. ६१ कीच्या कीबोर्डचा सगळ्यात खालचा सा साधारण ६५ हर्ट्झचा. ऑक्टेव्ह खाली केला की तोच ३३ वर येतो. १० इंची डबा तिथे जोर लावतो, आतला लिमिटर (आवाज फाटू नये म्हणून दाबणारं सर्किट) आवळतो आणि त्याच्याबरोबर वरचे स्ट्रिंग्जही दबतात. बँडमध्ये बेस गिटार असेल तर डाव्या हाताला आवरा. नुसता तो एक सूर सोडला की छोटा अँपसुद्धा मोकळा होतो.

अर्थची पिन काढून टाकणं

हमिंग (गुणगुण) येतं म्हणून तीन पिनच्या प्लगची जाड पिन काढणारे लोक मी पाहिले आहेत. मंडप पावसाने ओला, पायाखाली चिखल, जनरेटरवरची लाइन, आणि आपण धातूचा कीबोर्ड हाताने दाबतोय. माणूस जाईल. हे कधीही करू नका. सगळी वाद्यं, लॅपटॉपचा चार्जरसुद्धा, एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरी हमिंग राहिलं तर ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला डीआय बॉक्स लावा. ते बटण फक्त सिग्नलच्या वायरची अर्थ तोडतं, विजेची नाही.

बाकीच्या चुका, थोडक्यात

१५ इंची म्हणजे भारी, हा समज सोडा. तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलला तो तुम्हालाच चढवायचाय.

ब्लूटूथने वाजवू नका. आवाज बोटामागून, उशिरा येतो.

गिटार प्रोसेसरचे इफेक्ट पॉवर्ड स्पीकरमधून वाजवणार असाल तर त्यातलं कॅबिनेट सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरची नक्कल) चालू ठेवा, गिटारच्या अँपमधून वाजवणार असाल तर बंद.

घरी पॅच (ठरवून साठवलेले आवाज) बनवताना प्रत्येकाची पातळी सारखी करून ठेवा. ब्रास आला की अँप फाटतो आणि संतूर आलं की गायब होतं, यात अँपचा दोष नसतो.

अँप पायाशी उभा ठेवू नका. तिरका करून कानाकडे वळवा, मग निम्म्या आवाजात काम होतं.

आणि दुकानात डेमोचं गाणं ऐकून अँप घेऊ नका. मी माझाच कीबोर्ड खांद्यावर टाकून जातो. पाच पॅच ठरलेले आहेत: साधा साइन बेस, ब्रासचा फटका, फिल्टर हळू उघडणारा पॅड (लांब ताणलेला मऊ आवाज), इलेक्ट्रिक पियानो आणि घुंगरू. पॅड पूर्ण आवाजात धरून ठेवतो आणि त्यावर बेसचा सूर देतो. पॅड आत-बाहेर व्हायला लागला तर तो अँप मला नको. घुंगरू शेवटी वाजवतो, डोळे मिटून. मालक आवाज वाढवू देत नसेल तर कीबोर्ड परत बॅगेत घालतो आणि पुढच्या दुकानात जातो.