चकमकीच्या बंदुकीने हरणाची शिकार : पेनसिल्व्हेनियाच्या हिवाळी हंगामासाठी मार्गदर्शन

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून जानेवारीपर्यंत हरणांच्या शिकारीचा एक हंगाम असतो, ज्यात केवळ चकमकीच्या ठिणगीने पेटणारी, तोंडातून भरायची ठासणीची बंदूक वापरता येते. हा हंगाम १९७४ साली सुरू झाला. बंदूक १८०० पूर्वीच्या धाटणीची, मूळ किंवा तिची प्रतिकृती असावी, नळीचे तोंड किमान पॉइंट ४४ इंचाचे असावे आणि तिच्यावर दुर्बीण नसावी, अशा त्याच्या अटी आहेत. अठराव्या शतकात लँकेस्टर आणि आसपासच्या भागातील जर्मन वंशाच्या कारागिरांनी आखूड, जाड नळीच्या जर्मन रायफलीवरून लांब, सडपातळ नळीची जी रायफल घडवली, तिचीच परंपरा या हंगामाने जिवंत ठेवली आहे. तिकडे स्थायिक झालेल्या ज्या मराठी वाचकांना स्थानिक मित्रांबरोबर या शिकारीला जाण्याची इच्छा आहे, त्यांच्यासाठी ही माहिती दिली आहे. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीला बंदी आहे, आणि कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरोघरी ठासणीच्या बंदुका दिसत असल्या तरी त्या परवान्याने शिकारीची मुभा मिळत नाही. तेव्हा पुढील मजकूर त्या राज्यापुरताच समजावा.

प्रथम कागदपत्रे. शिकारीच्या परवान्यासाठी राज्याचे शिकार-प्रशिक्षण पूर्ण करावे लागते आणि ते टाळण्याचा विचारही करू नये, कारण नवख्याला बंदूक कशी धरावी आणि कुंपण कसे ओलांडावे हे तेथेच नीट शिकवले जाते. संघराज्याच्या कायद्यात चकमकीची बंदूक पुरातन शस्त्र म्हणून आधुनिक बंदुकांपासून वेगळी धरली जाते, परंतु राज्यागणिक नियम बदलतात. त्यामुळे व्हिसावर राहणाऱ्याने कोणाच्या सांगण्यावर विसंबून न राहता जाणकार वकिलाकडून खात्री करून घ्यावी.

बंदूक निवडताना नक्षी आणि दस्त्याच्या लाकडावर भाळू नये. पैसा चापाच्या यंत्रावर खर्च करावा. दगड धरणारा घोडा, तो जिच्यावर आदळतो ती पोलादी पाटी आणि त्यांच्या स्प्रिंगा यांचा मेळ चांगला असेल तर ठिणग्या भरपूर पडतात, आणि तो नसेल तर उत्तम नळीसुद्धा निरुपयोगी ठरते. हरणासाठी पॉइंट ५० किंवा पॉइंट ५४ ची नळी योग्य. गोल शिशाची गोळी वापरायची असल्यास नळीतील पेच (आतल्या वळणदार खाचा) संथ, म्हणजे साधारण ६६ इंचांत एक वेढा घेणारा असावा. जलद पेचाच्या नळीत दारू वाढवली की गोळीची पकड सुटते आणि नेम विखुरतो. डावखुऱ्या माणसाने डाव्या बाजूला यंत्र असलेली बंदूक घ्यावी, कारण उजव्या बाजूच्या यंत्राच्या वाटीतील रंजक, म्हणजे बार पेटवणारी चिमूटभर दारू, त्याच्या डोळ्यांसमोर भडकते.

दारूच्या बाबतीत तडजोड करू नये. बाजारात काळ्या दारूला पर्याय म्हणून विकली जाणारी मिश्रणे पेटायला जास्त उष्णता मागतात आणि चकमकीच्या ठिणगीने बहुधा पेटत नाहीत. म्हणून खरी काळी दारूच हवी. तिकडे दाण्यांचा आकार एफ या अक्षराच्या संख्येने सांगतात : दोन एफची दारू भरड, तीन एफची बारीक आणि चार एफची अगदी भुकटी. पॉइंट ५० च्या नळीत बहुतेक जण तीन एफ वापरतात आणि वाटीतील रंजकेसाठी चार एफ. माप ग्रेनमध्ये असते; ७० ते ९० ग्रेन, म्हणजे साडेचार ते सहा ग्रॅमच्या दरम्यान, हरणाला पुरेसे होते. मात्र आपल्या बंदुकीची कमाल मर्यादा निर्मात्याच्या पत्रकातून पाहावी, आणि धूरविरहित आधुनिक दारू या नळीत कधीही घालू नये, कारण तिच्या दाबाने नळी फुटते.

आता चकमकीच्या दगडाकडे वळू, कारण नवशिक्यांची निम्मी रडगाणी येथूनच सुरू होतात. ठिणगी दगडाची नसते. दगडाची धार पोलादी पाटीवरून घसरताना पोलादाचे सूक्ष्म कण खरवडले जातात आणि तेच तापून जळत वाटीत पडतात. म्हणून दगडाला धार हवी आणि पाटीला कडकपणा हवा. इंग्लंडमधील ब्रँडनचा काळा दगड आणि फ्रान्सचा मधासारखा पिवळसर दगड दोन्ही चांगले. दगड घोड्याच्या जबड्यात चामड्याच्या घडीत घट्ट आवळावा. धार पाटीच्या पृष्ठभागाला समांतर असावी आणि घोडा अर्ध्या टप्प्यावर असताना दोहोंमध्ये दीड-दोन मिलिमीटर अंतर राहावे. धार बोथट झाल्यावर नवा दगड घालण्याची घाई नको. पितळेच्या छोट्या दांड्याने कडेवर खालच्या बाजूला हलके टोले दिले की बारीक कपच्या उडून धार परत येते. पाटीवर तेलाचा अंशही राहू देऊ नये.

दारू, दगड आणि यंत्र जुळल्यावर उरतो तो नेम, आणि येथे चकमकीची बंदूक आधुनिक रायफलीपेक्षा अगदी वेगळी वागते. चाप ओढल्यावर घोडा पडतो, ठिणग्या उडतात, रंजक पेटते, ज्वाळा नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक छिद्रातून, आत जाते आणि मग बार उडतो. यंत्र उत्तम असेल तर हा काळ जाणवण्याइतकाही नसतो, पण डोळ्यांजवळ भडका उडाल्यामुळे माणूस दचकतो, डोके वर करतो आणि गोळी भलतीकडे जाते. यावर जुन्या मंडळींचा उपाय घरबसल्या करता येतो. रिकाम्या बंदुकीत दगडाच्या जागी त्याच आकाराचा लाकडाचा तुकडा बसवावा, भिंतीवरील खुणेवर माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा) रोखावी आणि चाप ओढावा; घोडा पडल्यावरही माशी खुणेवर राहिली पाहिजे. रोज थोडा वेळ हा सराव केला की दचकणे कमी होते. नंतर मैदानात ५० यार्डांवर, म्हणजे सुमारे ४५ मीटरवर, नेम जमवावा. ठासणीच्या गोल गोळीचा वेग झपाट्याने घटतो, म्हणून खात्रीचे अंतर इतकेच धरावे आणि उत्तम सराव असेल तरच ७५ यार्डांपर्यंत जावे. त्यापलीकडील हरीण सोडून द्यायला ज्याचा जीव होत नाही, त्याने या बंदुकीचा नाद करू नये.

बार भरण्याचा क्रम

क्रम चुकणे येथे जीवावर बेतू शकते, म्हणून तो नीट समजून घ्यावा. आधी गज, म्हणजे बार ठासण्याची काठी, नळीत घालून ती रिकामी असल्याची खात्री करावी. रिकाम्या नळीत गज किती आत जातो आणि भरल्यावर किती बाहेर राहतो, याच्या दोन खुणा गजावर कायमच्या करून ठेवाव्यात. मग कोरड्या चिंधीने नळीतील तेल पुसावे, कानातून तार घालून तो मोकळा करावा, वाटी उघडी ठेवावी आणि पाटीवर चामड्याची टोपी चढवावी, म्हणजे घोडा चुकून पडला तरी ठिणगी पडणार नाही. दारूच्या शिंगातून दारू आधी मापात घ्यावी आणि मापातूनच नळीत ओतावी. शिंग नळीला लावून थेट ओतल्यास आत एखादा निखारा राहिला असेल तर सबंध शिंग हातात उडते. त्यानंतर चरबी किंवा मेण-तेल लावलेली जाडसर सुती कापडाची चकती नळीच्या तोंडावर ठेवावी, तिच्यावर गोळी बसवावी, आणि गजाने एका दमात, पण न आपटता, दारूवर टेकेपर्यंत ढकलावी. पॉइंट ५० च्या नळीसाठी गोळी पॉइंट ४९० ची घेतात, तिचे वजन सुमारे १८० ग्रेन भरते. गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहिली तर बारामुळे नळी फुगते किंवा फाटते, म्हणून गजावरची दुसरी खूण पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. या सगळ्या वेळी चेहरा आणि हात नळीच्या तोंडावरून दूर ठेवावेत.

रंजक सर्वांत शेवटी, आणि तीही शिकारीच्या जागी पोहोचल्यावरच. वाटीत तीनचार ग्रेन पुरते. कानाच्या छिद्रापर्यंत ठासून भरल्यास ज्वाळा आत झटकन शिरण्याऐवजी वात जळल्यासारखी रेंगाळते. बार उडताना कानातून उजवीकडे ज्वाळेचा झोत निघतो, म्हणून त्या बाजूला कोणी उभे नाही हे पाहावे, आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावाच.

रानात

डिसेंबरअखेर हरणांना आधीच्या हंगामांची गोळीबारी ठाऊक झालेली असते, त्यामुळे उघड्यावर ती क्वचितच दिसतात. दिवसा ती दक्षिणेकडे तोंड असलेल्या, ऊन खाणाऱ्या उतारांवर, हेमलॉकच्या दाट छायेत किंवा माउंटन लॉरेलच्या झुडपांत बसतात आणि ओकची फळे उरली असतील तेथे चरायला येतात. ताज्या बर्फातील खुरांचे माग पाहून वाट ठरवावी. दोनतीन मित्रांनी झुडपातून सावकाश चालत जावे आणि उरलेल्यांनी वाटेवर दबा धरावा ही तिकडची रूढ पद्धत आहे, मात्र प्रत्येकाची जागा आणि गोळीची दिशा आधी बोलून ठरवावी. या हंगामात नारिंगी कपड्यांची सक्ती नसली तरी ते घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा शत्रू म्हणजे ओल. काळी दारू आणि तिची काजळी हवेतील दमटपणा ओढून घेतात, आणि पहिल्या बारानंतर वाटीत जो काळा चिखल होतो त्यावर ठेवलेली रंजक भिजते. यासाठी यंत्रावर मेण चोळलेल्या चामड्याचे आच्छादन घालावे आणि नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावावी. हवा दमट असेल तर तासाभराने वाटी पुसून नवी रंजक घालावी. जुनी किती कोरडी आहे याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा ती फेकून देणे स्वस्त पडते. विश्रांतीला गरम खोलीत शिरताना बंदूक थंड जागी, पण कुलूपबंद ठेवावी, नाहीतर गार धातूवर बाष्प जमते आणि सकाळी चाप ओढल्यावर फुसका बार होतो.

नेम धरण्याची संधी येते तेव्हा हरीण आडवे उभे असावे आणि गोळी पुढच्या पायाच्या मागे, फुफ्फुसांच्या जागी लागावी. झाडाला किंवा काठीला टेकून, शक्य असेल तेव्हा बसूनच गोळी झाडावी. धावत्या हरणावर झाडू नये. या बंदुकीने ते अन्यायाचे आहे. घोडा पडला, रंजक भडकली आणि बार उडालाच नाही, तर बंदूक सुरक्षित दिशेला रोखून निदान मिनिटभर थांबावे, कारण बार उशिरा उडू शकतो; मग तारेने कान साफ करून नवी रंजक घालावी.

बार उडाला की समोर पांढऱ्या धुराची भिंत उभी राहते आणि हरीण कोठे गेले ते कळत नाही. तेव्हा खाली वाकून धुराच्या खालून पाहावे आणि हरीण शेवटचे दिसले ती जागा एखाद्या झाडाच्या खुणेने लक्षात ठेवावी. जागेवरून हलण्यापूर्वी बंदूक पुन्हा भरून घ्यावी. गोल गोळीने पडलेल्या जखमेतून रक्त उशिरा दिसू लागते, म्हणून पहिल्या काही पावलांवर रक्त नाही एवढ्यावरून नेम चुकला असे समजू नये. जनावर नजरेसमोर कोसळले नसेल तर अर्धा तास थांबून मग माग काढावा, आणि तो संपेपर्यंत सोडू नये. जखमी जनावर तसेच टाकून परतणे ही या छंदातली सर्वांत मोठी बेजबाबदारी आहे.

हरीण हलवण्यापूर्वी परवान्याबरोबरची चिठ्ठी भरून त्याच्या कानाला बांधावी लागते आणि शिकारीची नोंद दहा दिवसांत करावी लागते. पेनसिल्व्हेनियात २०१२ पासून हरणांमध्ये मेंदूचा क्षय करणारा सीडब्ल्यूडी हा रोग आढळला आहे, म्हणून बाधित क्षेत्रातून डोके आणि कणा बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. तेथे डोके तपासणीसाठी देण्याच्या पेट्या ठेवलेल्या असतात. निकाल येईपर्यंत मांस शीतपेटीत ठेवावे, हे शहाणपणाचे.

परतल्यावर बंदूक भरलेली असेल तर ती मऊ मातीत, सुरक्षित दिशेने झाडून किंवा स्क्रूने गोळी ओढून काढून रिकामी करावी. त्यानंतर कितीही थकवा असला तरी त्याच संध्याकाळी धुवावी, कारण काजळी रातोरात लोखंडाला गंज चढवते. उकळत्या पाण्याचा अट्टहास करू नये. कोमट पाण्यात थोडा साबण पुरतो आणि फार गरम पाण्याने तर नळीत लगेच तांबूस गंज उमटतो. यंत्र दस्त्यातून काढून वेगळे धुवावे, चिंध्या कोरड्या निघेपर्यंत नळी पुसावी, मग आतबाहेर पातळ तेलाचा हात फिरवावा. दोनतीन दिवसांनी पुन्हा एक स्वच्छ चिंधी नळीतून फिरवून पाहावी. तिच्यावर तांबूस डाग आला तर धुणे अपुरे झाले असे समजून सर्व क्रिया पुन्हा करावी.