जोडवी घरी ठेवून कुसात्सुला जा

टोकियोतल्या निशिकासाईत नव्यानं राहायला आलेल्या बायका ओळख जरा वाढली की ओन्सेनबद्दल, म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्यात शेकायच्या इथल्या कुंडांबद्दल, हळूच विचारतात, "ताई, त्या ओन्सेनमध्ये खरंच सगळे कपडे काढायचे?" हो, सगळे. आतले कपडे नाहीत, पोहण्याचा पोशाखही नाही. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, त्यामुळे नवऱ्याचा हात धरून जायची सोय नाही. लाज वाटते ती पहिली पाच मिनिटं. मग लक्षात येतं की आपल्याकडे कुणीच बघत नाहीये, सगळ्याजणी पाण्यात डोळे मिटून बसल्या आहेत.

कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला आपण उन्हाळं म्हणतो. राजापूरचं किंवा वज्रेश्वरीचं पाणी ज्यांनी अंगावर घेतलंय त्यांना गंधकाचा वास ओळखीचा असतो. फरक रीतीत आहे. आपण तिथे बहुधा कपड्यांनिशी उतरतो. इथे आधी स्टुलावर बसून साबणानं स्वच्छ अंघोळ करायची, मग कुंडात शिरायचं. कुंड अंघोळीसाठी नसतं, शेकायला असतं. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. लांब केस वर बांधायचे. एवढं सांभाळलंत की कुणी तुम्हाला काही म्हणणार नाही.

पहिल्या खेपेला बहुतेक जण हाकोनेला जातात, जवळ पडतं म्हणून. माझं मत वेगळं आहे. हाकोनेत आगगाडी, रोपवे आणि तळ्यातली बोट यांतच दिवस सरतो आणि पाण्यात उतरायचं राहून जातं. गुन्मा प्रांतातलं कुसात्सु लांब असलं तरी गाव पायी फिरण्याएवढं आहे आणि पाहायचं सगळं पाण्याभोवतीच आहे.

निशिकासाईहून तोझाई लाइननं निहोनबाशी, तिथे गिंझा लाइन पकडून उएनो. उएनोहून 'कुसात्सु-शिमा' ही एक्स्प्रेस अडीच तासांच्या आत नागानोहारा-कुसात्सुगुचीला सोडते, पुढे बसनं पंचवीसेक मिनिटं. नवीन माणसं एका गोष्टीत फसतात: भाड्याचं तिकीट वेगळं आणि एक्स्प्रेसचं वेगळं, दोन्ही लागतात. सगळ्या जागा आरक्षित असतात. जाऊन-येऊन माणशी दहा हजार येनांच्या पुढे जातात. या गाड्या दिवसातून मोजक्याच, म्हणून परतीची जागा निघतानाच धरून ठेवा. त्याच दिवशी परतायचं तर गावात हाती जेमतेम तीन-चार तास उरतात. शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम. आणि स्वेटर घ्या. गाव सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे, टोकियोत घाम येत असला तरी तिथे संध्याकाळी कुडकुडायला होतं.

बस थांब्यापासून पाच मिनिटं उतारानं चाललं की युबाताके येतं. नावाचा अर्थ गरम पाण्याचं शेत. गावाच्या मधोमध झरा उफाळतो आणि ते पाणी लाकडी पन्हाळींच्या रांगेतून वाफाळत खाली जातं. मिनिटाला सुमारे ४,००० लिटर, तेही या एकाच झऱ्याचं. पन्हाळींना पिवळट साय धरते, तिला युनोहाना म्हणतात. ती खरवडून, वाळवून विकतात. आठवा शोगुन, म्हणजे तेव्हाचा लष्करी राज्यकर्ता, तोकुगावा योशिमुने यानं इथलं पाणी एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, मागवलं होतं. ते पाणी जिथून भरलं तिथली लाकडी चौकट अजून युबाताकेत दाखवतात. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) जपान सरकारच्या नोकरीत असलेल्या बेल्झ या जर्मन डॉक्टरनं या पाण्याचं कौतुक केलं. त्याचा पुतळा सायनोकावारा बागेत आहे.

पाणी आहेच तसं जहाल. पी-एच दोनच्या आसपास, म्हणजे जवळजवळ लिंबाच्या रसाइतकं आंबट. जिथे खरचटलं असेल तिथे झोंबणार, ओल्या हातानं डोळे चोळू नका. कातडी नाजूक असेल तर निघताना साधं पाणी अंगावर घ्या. झऱ्याचं पाणी पन्नास अंशांच्या वर असतं. गार पाणी मिसळलं तर औषधी गुण पातळ होतात, म्हणून लांब फळ्यांनी ते ढवळून निववतात. ही युमोमी. युबाताकेशेजारच्या नेत्सुनोयु या सभागृहात बायका गाणं म्हणत ती करून दाखवतात. बघाच.

उतरायचं कुठे? शिराहातानोयुसारखी लहान सार्वजनिक कुंडं फुकट आहेत, पण तिथे शॉवर नाही, पंचाही मिळत नाही आणि पाणी पाय टेकवत नाही इतकं कढत. पहिल्या वेळी पैसे देऊन ओताकिनोयुला जा. तिथे कमी-जास्त तापमानाची कुंडं शेजारी शेजारी आहेत, कोमटापासून एकेक पायरी चढता येते. दाराच्या पडद्यावरची दोन अक्षरं तेवढी शिकून घ्या. पुरुषाच्या अक्षरात वर चार वाफ्यांचं शेत असतं. तो चौकोन दिसला नाही की ते बायकांचं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा हौसेनं वीस मिनिटं बसले, उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या आजींनी हाताला धरून बाकावर बसवलं, पाणी पाजलं आणि म्हणाल्या, "नोबोसेता ने." पाण्याची ऊब डोक्यात चढली, असा त्याचा अर्थ. तीन-चार मिनिटं बसा, बाहेर या, पाणी प्या, मग पुन्हा. भरल्या पोटी तर नकोच.

भारतातून आई किंवा सासू आल्या असतील आणि हातावर गोंदण असेल तर आधी चौकशी करा. इथे गोंदणाचा संबंध याकुझा टोळ्यांशी जोडतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी मनाई असते. आजीच्या हातावरची तुळस त्यांना काय कळणार! लहानशी असेल तर कातडीच्या रंगाची पट्टी लावून काही ठिकाणी चालवून घेतात. कपडे काढायचेच नसतील त्यांनी युबाताकेजवळ पाय बुडवून बसावं, तिथे पैसे लागत नाहीत.

शाकाहारी असाल तर दशम्या आणि चटणी डब्यात घ्या, एक्स्प्रेसमध्ये खायला कुणाची हरकत नसते. सोबा, म्हणजे कुट्टूच्या शेवया, निरागस दिसतो, पण त्याच्या रसात बहुधा दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतो. ओन्सेन मान्जू मात्र खा. आत अझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण, वर वाफवलेली तपकिरी पारी. सायनोकावाराच्या वाटेवर दुकानदार गरम मान्जू हातावर ठेवतात आणि वर चहाही देतात. तो घेऊन पुढे सटकायला मला अजून संकोच वाटतो, एक खोका घेऊनच येते.

युनोहानाची पुडी आणलीत तर ती भाड्याच्या घरातल्या टबात टाकू नका. पाणी पुन्हा तापवणारं यंत्र गंधकानं खराब होतं, आणि मग घरमालकाला काय सांगणार? ती पुडी बादलीत पाय शेकायला वापरा.

आणि चांदी, तीही गंधकानं काळी पडते. माझी जोडवी बोटातून निघेनात म्हणून तशीच उतरले, तर बाहेर येईपर्यंत ती कोळशासारखी काळी. नंतर साबण लावून ती कशीबशी काढली, वाटीत ॲल्युमिनियमची फॉइल अंथरली, वर जोडवी, चमचाभर खायचा सोडा आणि उकळतं पाणी घातलं. थोड्या वेळानं काळेपणा फॉइलवर उतरला.