बटाट्याला गंधक: कोणते, किती आणि कधी

माती परीक्षणात उपलब्ध गंधक १० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत १० भाग) कमी आले, तर हेक्टरी ३० किलो गंधक धरा. हलक्या, वाळूसर जमिनीत ४० पर्यंत. हा आकडा निव्वळ गंधकाचा आहे, पोत्याचा नव्हे.

त्यातून आधीच्या खतांतले गंधक वजा करा. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ११ टक्के गंधक असते, म्हणजे ३० किलो गंधकासाठी त्याच्या २७५ किलोत काम भागते. वर वेगळे पोते घेऊ नका. डीएपीत (डाय-अमोनियम फॉस्फेट) गंधक नसते, ते वापरणाऱ्यांना मात्र वेगळे गंधक घ्यावेच लागते.

घोळ होतो तो पुढे, प्रकार निवडताना. मुळे गंधक घेतात ते सल्फेटच्या रूपात. बेन्टोनाइट सल्फरच्या (चिकणमातीत बांधलेल्या गंधकाच्या गोळ्या) पोत्यावर ९० टक्के लिहिलेले असते, पण ते मूलद्रव्य गंधक आहे, सल्फेट नव्हे. गोळी ओलाव्याने फुगून फुटते आणि मग जिवाणू त्याचे सल्फेट करतात. त्यांना ऊब, ओल आणि हवा तिन्ही लागतात. थंड मातीत काम रेंगाळते. लागवडीच्या दिवशी सरीत टाकलेले हे गंधक कंद धरायच्या वेळी बहुतांशी गोळीतच पडून असते. म्हणून ते लागवडीपूर्वी किमान चार-सहा आठवडे, वाफशावर, मातीत मिसळूनच द्या. पृष्ठभागावर फेकलेले कोरडेच राहते. तेवढा वेळ हाताशी नसेल तर अमोनियम सल्फेट, सल्फेट ऑफ पोटॅश किंवा जिप्सम लागवडीला वापरा. वाळूसर जमिनीत सल्फेट पाण्याबरोबर खाली जाते. तिथे निम्मे लागवडीला आणि निम्मे भर लावताना (झाडाच्या बुडाशी माती चढवताना).

उभ्या पिकात शेंड्याची कोवळी पाने शिरांसकट फिकट पिवळी पडली तर गंधकाची शंका घ्या. जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी आहे. गंधकच कमी असेल तर हेक्टरी १२५ किलो अमोनियम सल्फेट भर लावताना द्या आणि युरिया ५६ किलोने कमी करा, कारण त्यातून २६ किलो नत्रही जाते. नत्र वाढले की पाला माजतो, कंद मागे राहतात. या टप्प्यावर मूलद्रव्य गंधक दिले तर पैसे वाया.

खरूज (कंदाच्या सालीवर खरबरीत डाग पाडणारा रोग) रोखायला गंधक सांगितले जाते, त्यात निम्मेच तथ्य आहे. मूलद्रव्य गंधक आम्ल तयार करून सामू (पीएच) खाली आणते, आणि आम्ल मातीत खरूज दबते. जिप्सम आणत नाही. चुनखडीच्या जमिनीत तर १ किलो गंधक सुमारे ३ किलो चुना खपवते. हेक्टरी २० लाख किलो मातीत १ टक्का चुना असला, तरी ६ टनांहून जास्त गंधक लागेल. तिथे हा नाद सोडा. कंद धरताना ओल टिकवा, आणि खरूज नसलेले बेणे घ्या.

ठिबकच्या टाकीत सल्फेटची खते कॅल्शियम नायट्रेटसोबत कधीही मिसळू नका: जिप्सम साकळून ड्रिपर बुजतात.