बरणीत वेल चढवायचीय? मग मनी प्लांट नको

मनी प्लांट झाकणाच्या काचेच्या बरणीत लावू नका, भराभर झाकणाला टेकतो आणि मग नुसता गुंता. त्यापेक्षा फायकस प्युमिला घ्या, ती भिंतीला चिकटत जाणारी बारीक पानांची, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विचारून बघा नाहीतर कुणाच्या कंपाउंडवरून तीन-चार पेरांचा तुकडा मागून आणा. कापल्यावर पांढरा चीक येतो, हात धुवायचे.

तळाला चिऱ्याचे धुतलेले खडे, थोडा कोळसा, वर कोकोपीट-माती. चढायला नारळाचं सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, बेस्ट, पण आधी रात्रभर भिजवा, पाणी चहासारखं लाल होतं ते फेकून परत भिजवा, मग मागच्या काचेला उभं टेकवा. आता मेन गोष्ट, वेलीचं प्रत्येक पेर त्या ओल्या सोडणाला टेकलंच पाहिजे कारण मुळं तिथूनच फुटतात, प्लास्टिकवाली तार यूसारखी वाकवून हलकेच टोचा, दोरा गच्च बांधलात तर देठ कापला जातो.

उजेड हवा, ऊन नको, काचेत शिजते. सकाळी काचेवर वाफ दिसली तर ठीक, दिवसभर ओघळत असेल तर झाकण काढून ठेवा. पावसाळ्यात तर पाण्याची बाटली लपवूनच ठेवा!